लक्ष कुठे लागलंय?

जानेवारी २०२४ मधल्या पूर्वपरीक्षेचा एक पेपर मी अजून जपून ठेवला आहे. दहावी, गणित भाग १. निफाड तालुक्यातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवते, त्यामुळे चुकलेले पेपर मला नवे नाहीत. पण या पेपरापाशी मी अडले. वर्गसमीकरणाच्या उदाहरणात शेवटचं पद ४५ छापलेलं होतं. मुलीने उतरवून घेताना ५४ लिहिलं. ४५ चे अवयव ९ आणि ५ असे सरळ पडत होते, ५४ चे पडेनात. मग ती सूत्राकडे वळली, विवेचक काढला, तो उणे २० आला आणि तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘मुळे वास्तव संख्या नाहीत.’ ५४ धरले तर हे उत्तर बरोबर आहे. सगळी रीत बिनचूक, फक्त डोळ्यांसमोर छापलेला एक आकडा उलटा उतरला.

मी लाल शाईने शेजारी लिहिलं, ‘निष्काळजीपणा. लक्ष कुठे असतं?’

पान उलटल्यावर उत्तर मिळालं. मागे कच्चं काम होतं आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, दुसरंच गणित. २३ गुणिले १,१५०, बरोबर २६,४५०. वजा गाडीभाडं १,२००. वजा काढणीची मजुरी ९,०००. उरले १६,२५०. त्याखाली ‘सोसायटी १८,०००’ आणि शेवटी उणे १,७५०, त्याभोवती दोनदा वर्तुळ केलेलं. २३ क्विंटल कांद्याची एक ट्रॉली, लासलगावच्या बाजारातला क्विंटलचा भाव, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. त्या हिशेबात एकही आकडा चुकलेला नव्हता.

म्हणजे लक्ष होतं, पुरेपूर होतं. ते माझ्या पेपरात नव्हतं इतकंच.

त्या महिन्यांत आमच्याकडे काय चाललं होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो, म्हणून पडेल त्या भावात माल नेण्यावाचून इलाज नव्हता. बंदी उठली ४ मे २०२४ ला. दहावीची परीक्षा होती १ ते २६ मार्च. आमच्या तालुक्यातली मुलं पहिल्या पेपरापासून शेवटच्या पेपरापर्यंत त्या बंदीच्या आत बसून परीक्षा देत होती. बंदीची मुदत ३१ मार्चला संपेल अशी आशा होती, तीही २२ मार्चला, परीक्षा चालू असतानाच, पुढे ढकलली गेली. निर्यातबंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा आहे आणि तो जाणत्यांनी घातलेला आहे. मला बोलायचं आहे ते त्या काळात वर्गात बसलेल्या डोक्यांविषयी.

आपल्या भाषेने ही गोष्ट केव्हाच ओळखलेली आहे. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ असं आपण म्हणतो, आणि ‘सगळं लक्ष घराकडे लागलंय’ असंही आपणच म्हणतो. एकाग्रतेला आणि काळजीला एकच क्रियापद. लक्ष एका जागी लागलं की दुसऱ्या जागी लागत नाही, एवढं साधं ते आहे. दवाखान्यात माणूस आहे, शेतात पाऊस आला आहे, मुलगी अजून घरी आलेली नाही, अशा वेळी आई भाजीत दोनदा मीठ घालते आणि घरात कोणी तिला निष्काळजी म्हणत नाही. ‘तिचं चित्त थाऱ्यावर नाही’ म्हणतात. घरात आपण हे समजून घेतो. शाळेत, बँकेत, बाजार समितीत, दवाखान्याच्या खिडकीपाशी मात्र विसरतो. तिथे लक्ष ही स्वभावातली शिस्त आहे असं धरून चालतो. ज्याच्या डोक्यावर सगळ्यात जास्त ओझं, त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त लक्षाची मागणी करतो, आणि तो चुकला की शेराही त्याच्याच नावावर. तो शेरा मी बावीस वर्षं मारत आले. तो चुकीचा आहे, आणि तो फक्त शाळेपुरता नाही, म्हणून हे लिहिते आहे.

डोक्यात एक छोटी पाटी असते असं समजा. वाचलेला आकडा, पुढची पायरी, हातचा एक, हे सगळं त्या पाटीवर काही सेकंद धरून ठेवावं लागतं. ही पाटी फार लहान आहे. एका वेळी तीन-चार गोष्टी मावतात, पाचवी आली की एखादी पुसली जाते. काळजी ही त्या पाटीवर आपोआप लिहिली जाणारी गोष्ट आहे. तुम्ही तिला बोलवत नाही आणि हाकललीत तरी ती जात नाही. उलट ‘आता याचा विचार करायचा नाही’ हे लक्षात ठेवायलाही पाटीवरची जागा लागते.

याची एक जुनी चाचणी आहे. १९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती प्रसिद्ध केली. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि माणसाला शाईचा रंग विचारायचा. माणूस अडखळतो, कारण शब्द वाचायचा नाही असं ठरवलं तरी तो वाचला जातोच. पुढे संशोधकांनी रंगांच्या शब्दांऐवजी भावनांना हात घालणारे शब्द ठेवून पाहिले. कोळ्याची भीती असलेल्या माणसासमोर ‘जाळं’, ‘केसाळ’ असे शब्द आले की शाईचा रंग सांगायला त्याला जास्त वेळ लागतो. ज्याला ती भीती नाही त्याला लागत नाही. शब्द तोच, शाई तीच, माणूसही तितकाच हुशार. फरक एवढाच की एकाच्या मनात त्या शब्दाने आधीच घर केलेलं आहे. आमच्या वर्गात हीच चाचणी ‘हप्ता’, ‘लिलाव’, ‘नोटीस’ या शब्दांवर घेतली तर काय होईल, याचा मी पुष्कळदा विचार करते. घेण्याचं धाडस मात्र होत नाही.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यास, २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. आनंदी मणी, सेंथिल मुल्लाईनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ या चौघांनी ४६४ शेतकऱ्यांची परीक्षा घेतली. एकदा तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणसं तीच. आकृत्यांची कोडी सोडवायची आणि स्ट्रूपसारखी लक्षाची चाचणी द्यायची. तोडणीआधी त्याच शेतकऱ्यांना कोडी कमी सुटली, वेळही जास्त लागला. ऊसतोडणीची तारीख कारखाना ठरवतो, सगळ्यांची एकाच आठवड्यात येत नाही, म्हणून हवामानाचा किंवा सणासुदीचा हा परिणाम नव्हे हे त्यांना तपासता आलं. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशी तुलना झाली, त्यात असा फरक दिसला नाही. हे सांगायलाच हवं. पण महिन्याचा ठरलेला पगार चार दिवसांनी येणार आहे हे माहीत असणं, आणि ट्रॉली भरून निघाल्यावर भाव काय पुकारला जाईल ते माहीत नसणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. ज्याने लासलगावच्या रांगेत पहाटे ट्रॅक्टर लावला आहे त्याला हे समजावून द्यावं लागत नाही.

दुसरा अभ्यास ओडिशातला, पानांच्या पत्रावळी करणाऱ्या मजुरांचा. काहींना मजुरीचा काही भाग ठरलेल्या दिवसाच्या आधी दिला, इतरांना शेवटी. एकूण रक्कम सारखीच, कामाचा दर सारखाच. आधी पैसे मिळालेल्यांनी पत्रावळी जास्त केल्या आणि चुकाही कमी केल्या. त्यांना कोणी ध्यान शिकवलं नव्हतं, एकाग्रतेचं व्याख्यान दिलं नव्हतं. डोक्यातली एक काळजी काढून घेतली होती एवढंच.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे लक्षाचा प्रश्न आला की उपाय नेहमी माणसाच्या आत शोधला जातो. नाशिकमध्ये एकाग्रतेचे वर्ग निघाले आहेत, सुट्टीतली शिबिरं आहेत, ‘मन शांत करा, मार्क वाढवा’ अशा जाहिराती रिक्षांच्या मागे दिसतात. ध्यानाला माझा विरोध नाही. ज्यांना ते साधतं त्यांना बळ मिळतं. पण हप्त्याची नोटीस आलेल्या घरातल्या मुलीला डोळे मिटून श्वास मोजायला सांगणं म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला अंग पुसायला टॉवेल देणं. टॉवेल वाईट नाही, पण छप्पर कोणी बघायचं? शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक साधा उपाय सुचवला होता: परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायची. मीही तो वर्गात करून पाहिला. काही मुलं लिहिता लिहिता रडली, काहींनी कोरा कागद दिला. पुढे इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही असं वाचलं, तेव्हा मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. काळजी लिहून काढल्याने हप्ता फिटत नाही.

आमच्या शिक्षक खोलीत यावर वाद होतो. एक ज्येष्ठ सहकारी नेहमी म्हणतात, ‘थोडी भीती हवीच. भीतीशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत.’ त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. भावना म्हणजे विचाराची शत्रू असंही नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यामुळे ज्यांच्या भावना बोथट झाल्या, अशा रुग्णांना पुढची भेट मंगळवारी ठेवायची की बुधवारी हेही ठरवता येत नाही, असं आंतोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञाने नोंदवलं आहे. काही वाटल्याशिवाय माणूस निवड करू शकत नाही. राहता राहिली भीती. यर्कीस आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं ते असं: काम सोपं असेल तर विजेचा झटका जोराचा असला तरी उंदीर लवकर शिकतात, काम अवघड असेल तर जोराचा झटका शिकणं बिघडवतो. पाढे पाठ करून घ्यायला धाक चालेल. वर्गसमीकरणाला चालत नाही.

शिवाय माझ्या मते एक भेद करायला हवा, जो आपण करत नाही. परीक्षेची भीती निदान परीक्षेकडे बोट दाखवते. ती मुलाला पुस्तकाकडे ढकलते. घरातली भीती दुसरीकडे बोट दाखवते. ती मुलाला वर्गातून उचलून बांधावर नेऊन उभी करते. दोन्हींना ‘टेन्शन’ हाच एक शब्द लावल्यामुळे आपली गल्लत होते. समोरच्या कामाशी ज्या भावनेचं नातं आहे ती कामाला हात लावते. जिचं नातं नाही ती फक्त जागा खाते.

आता शाळेबाहेर या. माझा भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, प्रेस खाली येतो, नग तयार. जुने प्रेस पायाने चालायचे. हात साच्यात आणि पाय पायडलवर. एक क्षण चित्त हललं की बोटं गेली. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत दोन बोटं नसलेले हात पाहायला फार हिंडावं लागत नाही. भावाच्या शेजारच्या प्रेसवरच्या माणसाचं बोट गेलं ते त्याची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती त्या रात्री. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं, ‘कामगाराचे दुर्लक्ष.’

नंतर दोन बटणांचे प्रेस आले. दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येतो. हात बटणांवर आहेत म्हणजे साच्यात नाहीत. इतका साधा बदल, पण त्यामागचा विचार मला फार मोठा वाटतो. ते यंत्र कामगाराला विचारत नाही की तुझं लक्ष कुठे आहे. त्याची बायको दवाखान्यात असेल, मुलाची फी थकली असेल, हे गृहीत धरूनच ते बनवलं आहे. माणसाचं मन भरकटणार, हे कबूल करून त्याची बोटं वाचवली आहेत. (काही ठिकाणी नग लवकर निघावेत म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायला लावतात. तो गुन्हा आहे, आणि त्यातही लिहिलं जातं ते कामगाराचंच दुर्लक्ष.)

माझं म्हणणं हे आहे: आपल्या कागदांना, खिडक्यांना, लिलावांना, परीक्षांना ते दुसरं बटण कुठे आहे?

दवाखान्याचं घ्या. चार वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. रात्री दोन वाजता शहरातल्या एका खासगी रुग्णालयात आम्ही पोहोचलो. त्यांना आत नेलं आणि माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा आला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. ‘इथे, इथे आणि मागे.’ मी सात सह्या केल्या. मी शिक्षिका, रोज मुलांना सांगते, प्रश्न दोनदा वाचा. एक ओळ वाचली नाही. नजर त्या काचेच्या दरवाजावर होती. तीन दिवसांनी कळलं की त्या सात सह्यांपैकी एक महागड्या खोलीला होती आणि एक अशा तपासणीला, जिच्याविषयी आम्हाला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. विचारायला गेले तर समोरच्याने माझीच सही दाखवली. सही माझीच होती, ते मी नाकारत नाही. पण ती करणारा हात माझा होता, डोकं दरवाजाच्या पलीकडे होतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधल्या एका निकालात सांगितलं आहे की उपचाराला दिलेली संमती खरी असावी, रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असावी, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. कायद्यात हे आहे. पण कागद ज्या वेळी, ज्या भाषेत, ज्या घाईत पुढे सरकवला जातो, त्यात त्या निकालाचा मागमूस नसतो. तातडीच्या उपचाराची सही तातडीने घ्या, कोणाची ना नाही. खोलीची, दराची, जादा तपासण्यांची सही सकाळी का घेता येऊ नये? मराठीत एका पानावर, मोठ्या अक्षरात, ज्याचा जीव त्या दरवाजात अडकलेला नाही अशा दुसऱ्या नातेवाइकासमोर? हे दुसरं बटण झालं. त्याला नवी यंत्रसामग्री लागत नाही.

विम्यात ते आहे, हे सांगितलं पाहिजे. एजंटाच्या बोलण्याने भारावून किंवा एखाद्याच्या मृत्यूनंतर धास्तावून पॉलिसी घेतली, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. आधी ही मुदत साधारण १५ दिवस होती, २०२४ मध्ये वाढवली. भावनेच्या भरात माणूस सही करतो आणि भर ओसरल्यावर त्याला पुन्हा एकदा विचारलं पाहिजे, हे नियमाने मान्य केलं. मग हाच विचार बँकेत का नाही?

‘डिजिटल अटक’ नावाची जी लूट चालू आहे, तिच्यात फसलेल्यांकडे बघा. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर. माझ्या ओळखीतल्या कॉलेज रोडवरच्या एक निवृत्त बाई, आयुष्यभर लेखा विभागात काम केलेल्या, एक रुपयाचा फरक आला तरी रात्री झोपायच्या नाहीत. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस आला, ‘तुमच्या मुलाच्या नावाने पार्सल सापडलंय’ म्हणाला, आणि त्यांनी मुदत ठेवी मोडून पैसे पाठवले. ‘एवढी शिकलेली बाई, कशी फसली?’ असं सगळे म्हणाले. शिक्षणाचा इथे काय संबंध? चोर भीती आधी दाखवतो आणि आकडा मागून सांगतो. भीतीने पाटी पूर्ण भरली की मग आकडा तपासायला जागाच राहत नाही. फोन ठेवू नका, खोली सोडू नका, कोणाशी बोलू नका, या त्याच्या तिन्ही अटी एकाच कामासाठी असतात: पाटी पुसली जाऊ नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून लोकांना सांगितलं, थांबा, विचार करा, मग कृती करा. १९३० हा मदतीचा क्रमांकही आहे, तो प्रत्येकाने घरात लिहून लावावा. पण ‘थांबा आणि विचार करा’ हा सल्ला नेमकी तीच गोष्ट मागतो जी चोराने आधी काढून घेतलेली असते. सत्तर वर्षांचं माणूस एकाच दुपारी सगळ्या ठेवी मोडून अनोळखी खात्यात पाठवत असेल, तर थांबायचं काम बँकेने करावं. चोवीस तासांनी पैसे जातील, तोवर घरातल्या नोंदवलेल्या दुसऱ्या व्यक्तीला फोन जाईल, अशी सोय ज्याला हवी त्याने आधीच, शांत डोक्याने, निवडून ठेवावी. व्यवहार मंदावतील असं बँकवाले म्हणतात. मंदावू देत. दोन बटणांच्या प्रेसवरही नग थोडे कमीच निघतात.

परीक्षेचं तर मला रोज दिसतं. आमच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला मिळायची. २०२३ पासून ते बंद झालं, कारण पेपर बाहेर फुटण्याचे प्रकार झाले. त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवली. कागदावर हिशेब सारखा. पण सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं यांची किंमत सारखी नाही. घरातून धावपळत आलेलं, एसटी चुकलेलं, बापाचं बोलणं कानात घुमत असलेलं मूल आधी नुसतं वाचत बसायचं, हातात पेन नसायचं, तेवढ्यात त्याचं डोकं खोलीत यायचं. ४५ चे ५४ होतात ते पहिल्या दहा मिनिटांत. शेवटच्या दहा मिनिटांत मूल फक्त तेच चुकलेलं गणित पूर्ण करतं. पेपरफुटीची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आहे: अकरा वाजताच पेपर द्या आणि उत्तरपत्रिकेवर लिहायला अकरा दहाला परवानगी द्या. वाढवलेली दहा मिनिटं तीच, फक्त जागा बदला. मंडळाने याचा विचार करावा, ही माझी मनापासून विनंती आहे.

आणि बाजार. शेतमालाचे पैसे चोवीस तासांत मिळायला हवेत असा नियम सांगितला जातो. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी पुढच्या तारखेचे चेक आलेले मी पाहिले आहेत, आणि ते न वटल्याने दोन-दोन महिने हेलपाटे घालणारे पालकही. त्याकडे आपण पैशाची अडचण म्हणून बघतो. ती आहेच. पण ते दोन महिने त्या घरातल्या प्रत्येकाच्या पाटीवर तो चेक लिहिलेला असतो. फवारणीचं प्रमाण चुकतं, मोटार चालू राहते, मुलगी आकडा उलटा लिहिते. ओडिशाच्या पत्रावळींचा अर्थ मला असा लागतो की वेळेवर दिलेला पैसा नुसता पैसा नसतो, तो परत दिलेलं डोकं असतं. लिलावात तर एका ट्रॉलीचा निकाल मिनिटाभरात लागतो. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, पण ट्रॅक्टरचं भाडं चालू, मागे रांग, व्यापारी पुढच्या ट्रॉलीवर चढलेला, अशा वेळी तो हक्क वापरायला जे डोकं लागतं ते कुठून आणायचं? भाव पुकारल्यावर अर्धा तास विचाराला द्या, माल बाजूला लावायला जागा द्या. जागा नाही हे उत्तर मला मान्य नाही. व्यापाऱ्यांच्या गाड्यांना ती मिळते.

अनिश्चितता हा सगळ्यात जड भाग आहे, हे मी त्याच मुलीकडून शिकले. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की झटका बसणारच हे माहीत असताना माणसाला जितका ताण येतो, त्याहून जास्त तो ‘बसेल किंवा नाही’ अशा अर्धवट अवस्थेत येतो. मी ते वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो फेब्रुवारीत.

दुसरी सराव परीक्षा होती, भूमितीची. त्या दिवशी तिच्या वडिलांची ट्रॉली लासलगावला गेली होती. मुलगी बाकावर बसली होती, पण मान सारखी दाराकडे. पेपर वाटायला पंधरा मिनिटं होती. मी तिला शिक्षक खोलीत नेलं आणि माझ्या फोनवरून वडिलांना लावून दिला. शाळेच्या नियमात हे बसत नाही, मला माहीत आहे. पलीकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता. ते म्हणाले, ‘झाला लिलाव. साडेनऊशे.’ जानेवारीपेक्षाही दोनशेने कमी. मला वाटलं, चूक केली, आता ही काय लिहिणार. तिने ‘बरं’ म्हटलं, ‘आप्पा, जेवून घ्या’ म्हटलं, आणि फोन माझ्या हातात दिला. पाणी प्यायली आणि वर्गात जाऊन बसली.

पेपर तपासताना मी आधी मागचं पान उलटलं. कच्च्या कामात वरच्या कोपऱ्यात ९५० लिहिलं होतं, भोवती चौकोन. खाली सगळं पान त्रिकोणमितीचं होतं.